शिकवणाऱ्याचे शिकणे



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांच्यासमोर फळ्याजवळ उभे राहून उत्तर देताना माझे पाय लटपटत असत. आज सर समोर नाहीत. तरीही पायांची सवय गेलेली नाही. या व्यासपीठावरून आजवर इतिहास, साहित्य, विज्ञान अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले चिंतन मांडले आहे. मी एका तंत्रनिकेतनात २७ वर्षे गणित शिकवलेला साधा मास्तर. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी ‘शिकवणाऱ्याचे शिकणे’ असे भारदस्त नाव कळवले आणि त्यांनी ते विश्वासाने छापले. आता कबूल केले पाहिजे, की वयाच्या ५३व्या वर्षी झांझिबारच्या किनाऱ्यावर एका पतंगाने मला समुद्रातून कसे फरफटत नेले, त्याची ही हकीकत आहे. सरांनी ती ऐकून घेतली असती असा माझा विश्वास आहे, म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

वडोदऱ्यात वाढलेल्या मुलाला पतंगाविषयी कोणी काही सांगू नये. १४ जानेवारी जवळ आली की आपल्या वाड्यांच्या गच्च्यांवर काय धांदल उडत असे, ते येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको. किन्ना कसा बांधावा, ढील केव्हा द्यावी, फिरकी धरणाऱ्याने किती सावध असावे, हे सारे आम्ही पाढ्यांच्याही आधी शिकलो. त्यामुळे २०२३ च्या जानेवारीत झांझिबारमधील पाजे या गावी मी प्रथम आकाशात १५-२० मोठमोठे पतंग पाहिले आणि त्या प्रत्येकाच्या दोरीला एकेक माणूस लोंबकळत पाण्यावरून धावताना पाहिला, तेव्हा मनात आले, की हे तर आपलेच आहे. माझ्या फजितीचे मूळ या एका विचारात होते.

मी तेथे कसा पोहोचलो, ते थोडक्यात सांगतो. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हात रिकामे झाले होते. एका परिचितांच्या ओळखीने झांझिबारच्या एका शाळेत तीन महिने विनावेतन गणित शिकवण्याची संधी आली. जानेवारीत तेथे नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते, म्हणून मी वेळेवर हजर झालो. उंगुजा या मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पाजे आणि त्याच्या दक्षिणेला जांबियानी अशी दोन गावे आहेत. समोर पांढरी वाळू, पुढे उथळ हिरवे पाणी आणि त्यापलीकडे प्रवाळाची लांबच लांब भिंत. खवळलेला हिंदी महासागर त्या भिंतीवर फुटतो आणि आतले पाणी शांत राहते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीमध्ये तीन-चार मीटरांचा फरक पडतो. सकाळी जेथे गळ्याइतके पाणी असते, तेथे दुपारी माणसे चालत जातात.

तेथील वाऱ्यांना नावे आहेत. डिसेंबर ते मार्चच्या सुमारास ईशान्येकडून वाहतो तो ‘कास्काझी’. जून ते सप्टेंबरच्या सुमारास दक्षिणेकडून वाहतो तो ‘कुसी’. कच्छमधील मांडवीची गलबते याच कास्काझीवर स्वार होऊन झांझिबारला जात आणि वारा फिरला की परतत. म्हणूनच तेथे परकेपणा फारसा जाणवत नाही. पुस्तकाला ‘किताबू’, लेखणीला ‘कालामू’, गणिताला ‘हेसाबू’, पैशाला ‘पेसा’, मोटारीला ‘गारी’. यातले काही शब्द अरबांकडून आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही गेले, काही आमच्याकडून गेले. मुले वडीलधाऱ्यांना अभिवादन करताना ‘शिकामो’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ, मी तुमचे पाय धरतो. माझ्या मराठी कानाला मात्र पहिल्या दिवशी त्यातले ‘शिका’ एवढेच ऐकू आले. ते आज्ञार्थी क्रियापद आपल्यालाच उद्देशून होते, हे समजायला आठ आठवडे लागले.

वर्गात साठएक मुले-मुली होती. प्राथमिक शाळेत किस्वाहिलीतून शिकून आलेली ही मुले माध्यमिक शाळेत आली की विषय इंग्रजीतून शिकतात. घरची भाषा एक आणि प्रश्नपत्रिकेची भाषा दुसरी, यातली ओढाताण आपल्या शाळेला नवी नाही. मी उत्साहाने शिकवू लागलो. नफा-तोट्याची उदाहरणे, शेकडेवारी, वर्गसमीकरणांची तोंडओळख. मागच्या बाकावरची एक मुलगी कधीच उत्तर देत नसे. मी तिच्याजवळ जाऊन प्रेमळपणे म्हणत असे, “हे सोपे आहे.” ती मान खाली घाली. मी पुन्हा म्हणे, “बघ, अगदी सोपे आहे.” आपण धीर देत आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. हेच वाक्य मी २७ वर्षे म्हणत आलो होतो.

दुपारी शाळा सुटली की मी किनाऱ्यावर जाऊन बसे. तेथे पंचविशीतला एक स्थानिक तरुण परदेशी पाहुण्यांना हा खेळ शिकवत असे. त्याला स्वतःच्या धंद्याचा हिशेब नीट ठेवायचा होता आणि मला पतंग उडवायचा होता. असा सौदा ठरला, की पाणी आणि वारा अनुकूल असेल तेव्हा त्याने मला शिकवावे आणि सायंकाळी मी त्याला जमाखर्च शिकवावा. त्यामुळे एकाच दिवसात आम्ही दोघे आळीपाळीने गुरू आणि शिष्य होत असू.

या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. पतंगाच्या बळाने वाहन ओढण्याची कल्पना जुनी आहे, आणि श्रोतेहो, तिच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी एक शाळामास्तर होता, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक या शिक्षकाने १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. त्याने आपल्या मार्था नावाच्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाने उंच उचलले होते. तीच मार्था पुढे विख्यात क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची माता झाली. पाण्यावर पडला तरी पुन्हा उडवता येईल अशा, हवा भरलेल्या पतंगाचे पेटंट फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये घेतले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रावर या खेळाच्या शर्यती झाल्या.

पतंग ९ ते १२ चौरस मीटरांचा, दोऱ्या वीसएक मीटर लांब. दोऱ्या एका आडव्या दांडीला जोडलेल्या, आणि पतंगाची ओढ कमरेच्या पट्ट्यावर येते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की आपल्यासमोर आकाशाचा घुमटासारखा एक भाग येतो. त्याला घड्याळ समजावे. डोक्यावर १२, डावीकडे ९, उजवीकडे ३. पतंग बारावर असेल तर ओढ कमी. तो घुमटाच्या मधून खाली झेपावला की ओढ एकदम वाढते. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. हे सूत्र मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. फळ्यावर लिहिताना त्याने मला कधी ओढले नव्हते.

या शिक्षणाचा क्रम शिस्तीचा आहे. प्रथम वाळूवर लहान पतंग. मग फळीशिवाय पाण्यात उतरून पतंगाच्या ओढीने नुसते शरीर वाहू द्यायचे. मग सुटलेल्या फळीपर्यंत त्याच रीतीने पोहोचायचे. त्यानंतर फळीवर उभे राहणे. पहिल्या टप्प्यात मी पटकन पुढे गेलो, कारण हाताला वडोदऱ्याची सवय होती. मग तीच सवय आडवी आली. आपल्या पतंगात धोका वाटला की आपण दोर खेचतो. येथे दांडी जवळ ओढली की पतंगाची ताकद वाढते आणि दांडी दूर जाऊ दिली की ती कमी होते. माणूस घाबरला की मूठ आवळतो. मूठ आवळली की दांडी जवळ येते. दांडी जवळ आली की पतंग अधिक जोराने ओढतो. आणि माणूस अधिक घाबरतो. मी या चक्रात रोज सापडत असे. तो तरुण माझ्या कमरेच्या पट्ट्याला मागून धरून ओरडे, “अचिया! अचिया!” अर्थात, सोडा! पण हात सोडत नसत. मी खारे पाणी पीत असे, आणि वर आलो की तो हसून इंग्रजीत म्हणे, “म्वालिमू, सोपे आहे!” म्वालिमू म्हणजे शिक्षक.

श्रोतेहो, ते शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला राग आला. दुसऱ्यांदा लाज वाटली. तिसऱ्यांदा मी मान खाली घातली आणि त्या क्षणी मागच्या बाकावरची ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली. जे सोपे आहे ते मला येत नसेल, तर दोष माझ्या बुद्धीचाच असला पाहिजे. असा निष्कर्ष मी, एक पन्नाशी उलटलेला गणिताचा पदवीधर, पाण्यात बसून काढत होतो. मग १३-१४ वर्षांच्या मुलांनी वर्षानुवर्षे काय निष्कर्ष काढले असतील? आपण जे धीराचे वाक्य समजत होतो, त्याने किती जणांच्या माना खाली गेल्या असतील? अवघड गोष्टीला अवघड म्हणण्याचा प्रामाणिकपणा शिकणाऱ्याला मोठा आधार देतो. त्या सायंकाळी मी त्या तरुणाला जमाखर्चातील जमा आणि नावे यांतला भेद समजावत होतो. तो गोंधळला. ‘सोपे आहे’ हे शब्द ओठांवर आले आणि मी गिळले. म्हणालो, “हे अवघड आहे. मलाही वेळ लागला होता.” त्याचा चेहरा सैल झाला. दुसऱ्या दिवशी पाण्यात त्यानेही आपले वाक्य बदलले. तो म्हणाला, “पोले पोले.” हळूहळू.

येथवरचा धडा माझ्या खर्चाने झाला होता. पुढचा दुसऱ्याच्या खर्चाने झाला, आणि तो सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

पाजे आणि जांबियानी येथील उथळ पाणी हे नुसते खेळाचे मैदान नाही. ते शेत आहे. १९८९ पासून तेथे समुद्रशेवाळाची लागवड होते. त्याला ते ‘म्वानी’ म्हणतात. वाळूत लाकडी खुंट्या ठोकायच्या, त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणायच्या आणि त्या दोऱ्यांना शेवाळाचे कोंब लहान सुतळ्यांनी बांधायचे. सुमारे सहा आठवड्यांनी पीक हाती येते. ते वाळवून परदेशी जाते. त्यापासून निघणारे कॅरॅगीनन दंतमंजनापासून आइस्क्रीमपर्यंत अनेक वस्तूंत वापरले जाते. हे काम बहुतांशी स्त्रियांचे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी लागली, की त्या पाण्यात उतरतात, आणि त्यातील अनेकींच्या हाती स्वतःचा पैसा प्रथम आला तो या पिकातून. अलीकडे समुद्राचे पाणी तापू लागल्याने अधिक भाव मिळणारी जात उथळ पाण्यात जगेनाशी झाली आहे. त्यातच खेळणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढल्याने त्याच पाण्यावर दोन हक्क सांगितले जातात. हे सर्व मला वाचून ठाऊक होते. वाचून ठाऊक असण्याचा उपयोग किती, ते पुढे दिसले.

फेब्रुवारीतील एका दुपारी ओहोटी लागली होती. मी पाण्याबाहेर यायला हवे होते. तसे मला सांगितलेही होते. पण त्या दिवशी मी प्रथमच फळीवर उभा राहून वीस-पंचवीस मीटर गेलो होतो आणि ‘आणखी एकदा’ हा मोह आवरला नाही. कास्काझीचा एक झोत आला. पतंग झेपावला. माझी मूठ आवळली गेली. मागून “अचिया!” ऐकू येत होते. पतंगाची ताकद एका झटक्यात काढून टाकणारा खटका हातापासून वीतभर अंतरावर होता. मी दांडीच धरून ठेवली. दक्षिणेकडे फरफटत गेलो, तो थेट एका वाफ्यात. दोन दोऱ्या तुटल्या, खुंट्या उपटल्या गेल्या, सहा आठवड्यांचे पीक पाण्यावर तरंगू लागले. माझी नडगी सोलवटली होती. गोणपाट घेऊन वाफ्याकडे येणारी एक बाई तेथे पोहोचली. ती आता काय बोलेल, या भीतीने मी उभा राहिलो. माझ्या पायाकडे पाहून ती म्हणाली, “पोले, म्वालिमू.” कोणाला लागले, कोणावर संकट आले, तर सहानुभूतीने उच्चारायचा हा शब्द आहे. नुकसान तिचे झाले होते आणि हळहळ ती माझ्यासाठी व्यक्त करत होती.

तिच्या मागे एक मुलगी उभी होती. मागच्या बाकावरची.

मी नुकसानभरपाई देऊ केली. त्या माउलीने दोऱ्यांची आणि पिकाची किंमत घेतली, संकोच न करता घेतली. मजुरीचे पैसे मात्र परत केले. मुलीकरवी सांगितले, की मजुरी म्वालिमूने स्वतः करावी. त्याप्रमाणे पुढच्या मोठ्या ओहोटीला मी त्या वाफ्यात वाकून उभा राहिलो. कोंब सुतळीने बांधताना गाठ सैल राहिली तर लाट तो नेते. फार घट्ट झाली तर तो तुटतो. माझ्या गाठी दोन्ही प्रकारच्या होत. ती मुलगी माझी गाठ सोडी आणि माझ्या डोळ्यांसमोर सावकाश पुन्हा बांधून दाखवी. ‘सोपे आहे’ असे ती एकदाही म्हणाली नाही. आणि काम चालू असता आईला ती तोंडी हिशेब सांगत होती: किती दोऱ्या, एका दोरीवर किती कोंब, ओल्याचे वाळल्यावर किती उरेल, त्याचे किती पैसे होतील. गुणाकार, प्रमाण, शेकडेवारी, सारे किस्वाहिलीत आणि न अडखळता. जिला गणित येत नाही असे मी ठरवले होते, ती माझ्यापेक्षा वेगाने गणित करत होती. तिला येत नव्हती ती माझी संत्री आणि सफरचंदे, माझी इंग्रजी आणि माझी घाई.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोऱ्या आणि खुंट्या काढल्या आणि माझ्या मोडक्यातोडक्या किस्वाहिलीत प्रश्न विचारला. वर्ग हसला, माझ्या व्याकरणाला. मग मागच्या बाकावरून हात वर झाला. यानंतर ती मुलगी परीक्षेत पहिली आली असे सांगितले तर गोष्ट गोड होईल, परंतु ती खोटी होईल. इंग्रजी प्रश्नांपाशी ती पुढेही अडखळतच होती. एवढेच झाले, की ती विचारू लागली.

माझ्या खेळाचे काय झाले, हेही सांगतो. मार्चमध्ये वारा मंदावू लागला तेव्हा मी एका दिशेने शंभरएक मीटर जाऊ शकत होतो. वाऱ्याच्या विरुद्ध तिरके जाऊन निघाल्या जागी परत येणे, ही या खेळातील खरी पहिली इयत्ता. ती मला शेवटपर्यंत साधली नाही. दरवेळी दूर वाहत गेलो आणि पतंग-फळी घेऊन किनाऱ्याने चालत परत आलो. पण हात सैल सोडणे आले. म्हणजे भीती गेली असे नव्हे. भीती वाटत असतानाही मूठ उघडता येऊ लागली.

शिक्षक म्हणून या अनुभवाचा मी बराच विचार केला आहे. नवशिक्याच्या चुकीची किंमत बहुधा दुसरेच कोणी तरी देत असते. त्या माउलीने दिली. माझ्या नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी जे वाईट शिकवले, त्याची किंमत त्या तुकड्यांतील मुलांनी दिली आणि मला ती कधी मागितलीही नाही. म्हणून शिकणाऱ्याने आपल्या चुकीची भरपाई, जमेल तेथे, स्वतः वाकून करावी. आणि आपल्यापुढे कोणी नवशिका चुकला, तर कधी काळी आपल्याला कोणी ‘पोले’ म्हटले होते याची आठवण ठेवावी. दुसरे असे, की जो बराच काळ काहीच नवे शिकलेला नाही, त्याला न येणे म्हणजे काय असते याचा विसर पडतो. तो कितीही विद्वान असो, त्याची मूठ दांडीवर आवळलेली राहते. मुले जितकी गोंधळतात, तितका तो अधिक खेचतो.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. माझी या शाळेला एक नम्र विनंती आहे, की येथील प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी स्वतःला मुळीच न येणारी एक गोष्ट शिकावी, आणि ती विद्यार्थ्यांच्या देखत शिकावी. पोहणे असो, तबला असो, परकी लिपी असो. ती सक्ती महाराजांनी मुलांवर केली होती. ही आपण आपल्यावर करून घेऊ.

ही कल्पना माझी नाही. येथील जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. सर कोकणातून वडोदऱ्यास आले होते. गुजराती त्यांना समजे, पण लिहिता येत नसे. १९८३ साली, आम्ही आठवीत असताना, पन्नाशीला टेकलेले आमचे सर मधल्या सुट्टीत शाळेच्या शिपाईकाकांसमोर पाटी घेऊन बसू लागले. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसते. सरांचा हात सवयीने वर रेघ ओढी आणि शिपाईकाका ती बोटाने पुसत: “साहेब, डोक्यावरची रेघ नको.” आम्ही खिडकीतून पाहून हसत असू. सरांना ते दिसे. ते कधी रागावले नाहीत आणि त्यांनी खिडकीही लावून घेतली नाही. खिडकी उघडी का ठेवली होती, हे मला पाजेच्या किनाऱ्यावर, पाण्यात बसलेला असताना कळले.

सरांच्या तोंडून ‘सोपे आहे’ हे वाक्य ऐकल्याचे मला स्मरत नाही. उदाहरण चुकले की ते खडू आमच्या हातात देत आणि म्हणत, “पुन्हा बघू या.” त्यांच्या स्मृतीला अभिवादन करतो.